बायकोचा रकाना

मेडनहेड, ९ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,

‘ती.’ लिहावं की नुसतं ‘बाबा’, यातच चहा गार झाला. शेवटी लिहिलं आहे. साष्टांग वगैरे मात्र जमणार नाही, कारण हे पत्र भांडायला लिहिते आहे आणि नमस्कार करून भांडणं मला येत नाही.

तुम्हाला हे माझं दुसरं पत्र. पहिलं अकरा वर्षांपूर्वीचं, लग्नाच्या वेळचं. त्याची आठवण काढण्यात दोघांचाही फायदा नाही. फोनवर विचारलं असतं, पण कराच्या गोष्टी तुम्ही फोनवर बोलत नाही आणि माझ्याशी तर कुठल्याच बोलत नाही. व्हिडिओ कॉलवर आई दिसतात, मागे तुमची रिकामी खुर्ची दिसते, आणि कॉल संपता संपता शेजारून खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र.

कुशलची जानेवारीत बॉस्टनला बदली होते आहे, हे आईंकडून कळलंच असेल. तो अमेरिकेचा नागरिक, मी नाही, तेव्हा माझा व्हिसा काढायचा. त्यासाठी माझी मैत्रीण उल्का हिचा भाऊ अपूर्व, कॉव्हेंट्रीत अमेरिकन कराची कामं करतो, त्याला भेटलो. त्याने मला जे शिकवलं ते तुम्हाला चाळीस वर्षं ठाऊक आहे. तरी लिहिते, मलाही आता कळलंय हे तुम्हाला कळावं म्हणून. तुम्ही क्लीव्हलंडला नोकरीत असताना कुशल जन्मला, दीड वर्षाचा होऊन पुण्याला आला, त्याला तिथलं एक झाड आठवत नाही; पण त्या देशाचा नागरिक जगात कुठेही राहो, दर वर्षी त्याने तिथे फॉर्म पाठवायचा. आणि तो फॉर्म तुम्ही भरता. कुशल कमवायला लागला तेव्हापासून दर एप्रिलमध्ये पुण्याहून खाकी पाकीट येतं, सही करायच्या जागी पेन्सिलीने फुली असते, हा फुलीवर सही करतो, आणि मी ते पोस्टात टाकून येते. मी! नीट, वजन करून, पोचपावती घेऊन.

यंदाचं पाकीट बदलीच्या गडबडीत तसंच पडलं होतं. अपूर्व म्हणाला, ‘वहिनी, फायलिंग स्टेटस काय टाकलंय ते जरा बघून सांगा.’ मी उघडलं. वरच चौकटी आहेत: एकटा, विवाहित जोडीने, विवाहित वेगवेगळे. तुमची बरोबरची खूण, ती तुमची खास लांब शेपटीची, ‘एकटा’ या चौकटीत होती. बायकोच्या नावाचा रकाना कोरा.

मग माळ्यावरची फाइल काढली. २०१४ पासून २०२३ पर्यंत, दहा फॉर्म. दहाही वर्षं माझा नवरा अमेरिकेच्या सरकारपाशी शपथेवर एकटा आहे. तो असा एकटा असताना आम्हाला तनिषा झाली, घर झालं, बोगनवेल दोनदा मेली.

कुशल म्हणतो, ‘मी कधी वाचलंय ते? बाबा भरतात, मी सही करतो, डन.’ एक्केचाळीस वर्षांचा माणूस! आता मी कौन्सिलमध्ये पार्किंगच्या दंडाविरुद्धचे अर्ज वाचते. दिवसभर लोक मला लेखी थापा मारतात. ‘मी बोर्ड पाहिलाच नाही’ असं म्हणणाऱ्या दहांपैकी नवांनी बोर्ड पाहिलेला असतो.

म्हणून एकच विचारते. ती खूण कोणी करायला सांगितली? कुशलने सांगितली असेल, तर त्याने ‘एकटा’ असण्याचं हे दार दहा वर्षं कशासाठी उघडं ठेवलं ते मला कळायला हवं. कारण अपूर्व म्हणतो, आता जोडीने फॉर्म भरून जुने दुरुस्त करावे लागतील, नाहीतर व्हिसाच्या खिडकीत विचारतील की एकटा माणूस बायको कुठून आणतोय. जोडीने भरायचं तर माझी सही लागते. वाढवून घेतलेली मुदत पंधरा ऑक्टोबरची आहे. मी सही करायची, की त्याला एकट्याला जाऊ द्यायचं, हे तुमच्या उत्तरावर ठरेल.

ऋजुता

मेडनहेड, २४ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,

कुरियरच्या ट्रॅकिंगवर दिसतंय की पत्र चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता पोचलं आणि घेणाऱ्याची सही एस. देवस्थळी अशी आहे. म्हणजे ‘मिळालं नाही’ ही सोय राहिलेली नाही.

आई कॉलवर म्हणाल्या, ‘अगं, यांनी वाचलं दोनदा. कपाट उघडून बसले, जेवायला हाक मारली तरी उठेनात.’ मी विचारलं, कपाटात काय आहे? तर म्हणाल्या, ‘काय असणार, फायली.’ आणि मागून तो खोकला. तुम्ही तिथेच होतात.

तर आता मी माझा तर्क सांगते, चुकत असेल तर चुकीचा आहे असं तरी लिहा. कुशलवर मी चार दिवस संशय घेतला. खोटं कशाला सांगू, अजूनही घेते. दर गुरुवारी तो कार्डिफला जातो, तिथल्या हॉस्पिटलच्या सिस्टिमचं काम आहे म्हणे. परवा खिशात कॉफीची पावती सापडली, दोन कॉफींची. विचारलं तर म्हणाला, ‘अगं, दोन मीच प्यायलो, ट्रेन फॉर्टी मिनिट्स लेट होती.’ असेलही. पण ज्याच्या दहा सह्या खोट्या निघाल्या, त्याच्या कॉफ्याही मोजाव्याशा वाटतात.

मग विचार केला की कुशलला खोटं नीट टिकवता येत नाही. वाढदिवसाचं गिफ्टसुद्धा तो आदल्या दिवशी सांगून टाकतो. दहा वर्षं न चुकता एकच खूण करायला वेगळा माणूस लागतो. ज्याच्याकडे १९८१ची विजेची बिलं आहेत असा. फॉर्मात सेंटची गफलत झाली म्हणून पान पुन्हा लिहून काढतो असा. बाबा, तुम्ही चूक करणारे नाही. हीच तर अडचण आहे. तुमच्या हातून झालेली गोष्ट चूक नसते, ती ठरवून केलेली असते.

आणि कारणही मला ठाऊक आहे. आम्ही स्लाउच्या रजिस्ट्री ऑफिसात बारा मिनिटांत लग्न केलं आणि तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही त्या लग्नाला लग्न मानलंच नाही. तोंडाने बोलायची तुमची रीत नाही, म्हणून दर वर्षी फॉर्मात लिहीत राहिलात: माझा मुलगा एकटा आहे. मला कळणार नाही अशा जागी, आणि वर टपाल माझ्याच हाताने.

तुम्ही म्हणाल, लग्नानंतर मी तुझे कागद मागितले होते, तू दिले नाहीस. खरं आहे. मे महिन्यात तुमचा टाइप केलेला कागद आला: पासपोर्टची प्रत, आणि ‘सर्व बँक खात्यांची यादी, माहेरची संयुक्त खाती धरून’. पप्पा जाऊन वर्ष झालं नव्हतं. आईने नागपूरला सगळ्या ठेवींवर दुसरं नाव माझं लावलं होतं, सगळ्या विधवा आया लावतात तसं. त्या पैशाशी माझा संबंध नावापुरता. आणि नव्या सासऱ्यांना पहिल्या महिन्यात नेमकी तीच यादी हवी! मी आईला फोन केला, ती म्हणाली, ‘सांभाळून राह्य बाई, नजर दिसते लोकांची.’ मी कागद द्यायला नकार दिला. दोन ओळींत, सभ्य भाषेत. एवढंच झालं. तेवढ्यावरून कोणी कोणाला दहा वर्षं पुसून टाकत नाही.

तनिषा शेजारी बसली आहे. विचारते, ‘आई, आजोबा तुझा चिठ्ठी वाचेल का?’ मी म्हटलं, वाचणारच. उत्तराचं सांगता येत नाही.

ऋजुता

कॉव्हेंट्री, ११ सप्टेंबर २०२५

बाबा,

पत्ता बदललेला दिसला असेल. मी तनिषाला घेऊन उल्काकडे आले आहे. शाळेला आठवडाभराचा ताप आल्याचं कळवलंय. शाळा बुडवल्याचा दंड होईल, आणि मग मी स्वतःच कौन्सिलला एक थाप लिहीन.

तुमचं उत्तर नाही. कुशलला मी स्पष्ट विचारलं, ‘बाबांनी मुद्दाम केलं असेल की तू सांगितलंस? दोघांपैकी एक निवड.’ तो म्हणाला, ‘बाबा असं करणार नाहीत.’ म्हणजे मग तू? तर म्हणतो, ‘मीपण नाही.’ मग काय ती खूण पोस्टाने जाता जाता उमटली? तो म्हणाला, ‘ऋजुता, यू आर लुकिंग फॉर अ व्हिलन.’ मी बॅग भरली.

आता एक गोष्ट सांगते, ती कुशलला ठाऊक नाही. गेल्या गुरुवारी मी रजा घेऊन त्याच्याच ट्रेनने कार्डिफला गेले, दोन डबे मागे बसून. हॉस्पिटलच्या गेटापर्यंत गेले. साडेबाराला तो बाहेर आला, समोरच्या बाकावर बसला, आणि मी पहाटे उठून केलेली तोंडल्याची भाजी आणि पोळी त्याने एकट्याने खाल्ली. डबा चमच्याने खरवडून खाल्ला. मग झाकण पुसून पिशवीत ठेवला. मी बस-स्टॉपच्या आड उभी होते आणि मला रडू आलं, आणि त्या रडण्याचीही चीड आली. कारण तो निर्दोष असला तरी माझं काही सुटत नव्हतं. तो एकटा दिसत होता. तुमच्या फॉर्मातल्यासारखा.

म्हणजे उरलात तुम्ही.

मी चिडकी आहे, संशयी आहे, मान्य. मीठ उसनं दिलं तरी वाटी परत येईपर्यंत मला चैन पडत नाही. पण मला या माणसाबरोबर जायचं आहे, बाबा. अकरा वर्षं मी त्याची बायको आहे आणि ते कुठेतरी एकदा तुमच्या अक्षरात लिहिलेलं मला पाहायचं आहे. अपूर्व नवा फॉर्म तयार करून बसला आहे. म्हणतो, ‘वहिनी, तारीख थांबत नाही.’ महिनाअखेरपर्यंत तुम्ही लिहिलं नाहीत, तर मी सही करणार नाही. तो जाईल, मी राहीन, आणि तुमचा फॉर्म खरा होईल.

ऋजुता

पुणे, १७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ऋजुता खानझोडे हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रे पोचली. उत्तरास उशीर झाला याचे कारण, मी उत्तर देणार नव्हतो. तिसऱ्या पत्रातील डब्याचा मजकूर तुझ्या सासूने, शैलाने, मोठ्याने वाचला, म्हणून लिहीत आहे.

खूण मी केली. कुशलने सांगितली नाही, त्याने कधी विचारलीही नाही. त्याला वाचून सही करण्याची सवय मी लावायला हवी होती, ती लावली नाही. हा दोष माझा.

विवाहित असे लिहायचे तर पत्नीचे नाव लिहावे लागते. म्हणून २०१४ साली मी तुझे कागद मागितले. खात्यांची यादी मागितली कारण जोडीने भरल्यास व्याज दाखवावे लागते, आणि जोडीने भरणे फायद्याचे की वेगळे, हे यादी पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. तुझ्या मातोश्रींच्या ठेवींकडे माझी नजर नव्हती. हे मी तेव्हा चार ओळींत समजावून लिहायला हवे होते. मी चौकशीचा नमुना टाइप करून पाठवला. नव्या सुनेला असा कागद पाठवू नये, हे शैलाने तेव्हाच सांगितले होते.

तुझे त्या वेळचे पत्र दोन ओळींचे नाही. सोबत प्रत जोडली आहे, मूळ माझ्याकडे आहे. खालून तिसरे वाक्य पाहावे.

मी एकदा लिहून आलेली गोष्ट पाळतो. त्यासाठी दर वर्षी सरकारी कागदावर असत्य लिहिले. नोकरीत कधी लिहिले नव्हते. दर मार्चमध्ये फॉर्म काढला की आधी तुझे पत्र काढून वाचत असे, आणि पुन्हा एकदा विचारावे असे वाटे. विचारले नाही. यात शब्द पाळणे किती आणि राग किती, ते मी ठरवू शकलेलो नाही. तू ठरव.

फॉर्म कोणाकडूनही भरून घ्यावा. माझी हरकत नाही.

शशिधर देवस्थळी

[सोबतची प्रत]

मेडनहेड, २ जून २०१४

श्री. देवस्थळी यांस,

आपला टाइप केलेला कागद मिळाला. माझ्या आईच्या पैशावर आपली नजर आहे हे समजायला मला फार वेळ लागला नाही. मी आपल्या मुलाशी लग्न केलं आहे, आपल्याशी नाही. पासपोर्ट, यादी, काहीही मिळणार नाही. यापुढे माझं नाव आपण कुठल्याही सरकारी कागदावर घालायचं नाही. कुशलची बायको म्हणूनसुद्धा नाही. घातलंत तर मला कळेल. हे पत्र जपून ठेवावं.

ऋजुता खानझोडे

मेडनहेड, २७ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार. या वेळी जमला.

पाकिटावर ‘सौ.’ आहे आणि ‘देवस्थळी’ नाही, हे पाहून आधी नेहमीप्रमाणे संशय आला की यात काय डाव आहे. पासपोर्टवर आहे तेच नाव आहे, एवढाच डाव होता.

प्रत मी उल्काच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचली. खालून तिसरं वाक्य. अक्षर माझं आहे, ‘जपून ठेवावं’ हेही माझंच आहे. दोन ओळी, सभ्य भाषेत, असं मी मागच्या महिन्यात तुम्हाला लिहिलं ते थाप म्हणून नाही लिहिलं, मला खरंच तसं आठवत होतं. आता ऑफिसात ‘मी बोर्ड पाहिलाच नाही’ वाचलं की मी पूर्वीसारखी हसणार नाही. माझा बोर्ड तर मीच लावला होता.

आईला फोन केला. ती म्हणाली, ‘मी कधी म्हटलं होतं असं पत्र लिही म्हणून? मी म्हटलं होतं सांभाळून राह्य.’ ठेवींचं व्याज दाखवावं लागेल म्हटलं तर म्हणाली, ‘मग दाखव ना, चोरीचे हायेत का?’ अकरा वर्षं ज्याची राखण करत बसले, ते तिने दोन मिनिटांत देऊन टाकलं.

मग ट्रेनने घरी आले आणि कुशलला सगळं दिलं वाचायला, माझ्या पत्रांचे फोनवर काढलेले फोटोही. माझं ते पत्र त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मी दाखवलं नव्हतं आणि तुम्ही चहाडी केली नव्हती. कार्डिफचंही सांगितलं. त्याने डब्याचा परिच्छेद दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘तू मागेच होतीस तर पाणी तरी द्यायचंस. बाटली विसरलो होतो.’ आणि सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, ‘मी तुम्हा दोघांच्या भांडणाखाली दहा वर्षं सह्या केल्या.’ हे तो हसत म्हणाला नाही. त्याची माफी मागितली आहे. ती पूर्ण मिळालेली नाही, आणि मिळू नये इतक्यात.

शब्द पाळणं किती आणि राग किती, हे मला ठरवायला सांगितलंत. मी खूप वेळा वाचलं, ठरत नाही. अर्धंअर्धं असावं. माझ्या पत्रातही भीती किती आणि उद्धटपणा किती, हे तुम्हाला ठरवता आलं नसणार. तुम्ही एकदा विचारायला हवं होतंत, बाबा. मीही एकदा त्या खुर्चीला नावाने हाक मारायला हवी होती. पुढच्या रविवारी कॉल करू तेव्हा खुर्चीत बसा. खोकला नुसता ऐकून पुरत नाही.

आता कामाचं. सोबत अपूर्वने तयार केलेला फॉर्म आहे, त्याला माझ्या पासपोर्टची साक्षांकित प्रत आणि यादी जोडली आहे. नागपूरच्या ठेवी धरून, सगळी. तो म्हणतो आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही तपासल्याशिवाय कुशलला झोप येणार नाही आणि खरं सांगायचं तर मलाही. मागच्या वर्षांच्या दुरुस्त्यांचे फॉर्म वेगळ्या पाकिटात आहेत.

‘विवाहित, जोडीने’ या चौकटीत खूण केलेली नाही. बायकोच्या नावाचा रकानाही कोराच ठेवला आहे. अपूर्व डोक्याला हात लावून म्हणाला, ‘वहिनी, कोऱ्या फॉर्मवर कोणी सही करतं का? तुम्ही तरी?’ मी केली आहे. पेन्सिलीची फुली असायची तिथे कुशलची सही, आणि तिच्याखाली माझी. आयुष्यात पहिल्यांदा न भरलेल्या कागदावर सही केली, जरा वाकडी आली आहे, ते चालतं का बघा.

तो रकाना तुम्ही भरा. खूणही तुम्हीच करा, शेपटीची. मग तसाच पुण्याहून अमेरिकेला पाठवा, पंधरा तारखेच्या आत.

पोचपावती मला पाठवा. ती मी जपून ठेवीन.

तुमची सून,
ऋजुता